गोव्याचा संत रडून राहिला

तांड्यावर दोनशे माणसं हात जोडून उभी होती आणि समोर लाकडी संत रडत होता.

संत मीच आणलेला. गोव्यात एका जुन्या चर्चच्या डागडुजीवर होतो. हात तुटका म्हणून पाद्रींनी तो मला देऊन टाकला. स्लीपर बसमध्ये त्याला खालचा बर्थ मिळाला, मला वरचा. घरी आल्यावर प्रेमदासकाकानं त्याला फेटा बांधला आणि आपल्या रीतीनं भोग लावला. संताच्या हनुवटीखाली निखारे, निखाऱ्यांवर तूप-गूळ. त्याच्या डोळ्यांना पाणी सुटलं. काका भगत झाला.

"बाबा पोर्तुगीजमधे रडून राहिले," काका सांगायचा. "म्हनत्यात, गोळ्या सोडा, माझे आसू घ्या."

माझी बहीण निता. तिला क्षय. तिनं गोळ्या सोडल्या आणि दर मंगळवारी आसू गिळायला लागली. असंच एका बाबाचं ऐकून आमच्या बापूंनी गोळ्या सोडल्या होत्या. ते गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नाही. निता खोकायची, मी मोबाइल चार्जिंगला लावायचो.

चौथ्या मंगळवारी तांड्याची आशा सेविका निलमताई गोळ्यांचं पाकीट घेऊन आली.

"काका, आज भोग धा फूट लांब लावा."

"लांबून बाबाला दिसत न्हाई."

"गोव्यातून तांडा दिसला, धा फूट दिसंना व्हय?"

लोक हसले. काकाला भोग लांब लावावा लागला. तास गेला, संत कोरडाच.

"रुसले," काका म्हणाला.

निलमताईनं पिशवीतून पुनमच्या पार्लरचा केस वाळवायचा ड्रायर काढला आणि संताच्या तोंडावर धरला. पाच मिनिटांत संत ढसाढसा रडला. मग त्याचा काचेचा डावा डोळा निसटून शेजारच्या अनुसयाबाईच्या पदरात पडला.

निलमताईनं फेटा सोडला. संताच्या डोक्यामागं एक फळी होती, ती तिनं सरकवली. आत किराणा दुकानातल्या मेणबत्त्यांचे तुकडे, ताजे कोंबलेले.

"म्हंजी म्या महिनाभर मेणबत्ती खाल्ली?" अनुसयाबाईनं विचारलं.

"व्हय."

"तरीच."

काका चप्पल शोधायला लागला. ती त्याच्या पायातच होती.

संताचा यात काही दोष नाही. तापलं की मेण वितळतं, मग ते कुणाच्याही डोक्यात असो. मूर्ती रडली तर हात जोडण्याआधी तिच्या मागं जाऊन बघा. आणि औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

"उद्या दवाखान्यात जायचं," निलमताई निताला म्हणाली. निता म्हणाली, "येते."

मग निलमताईनं माझ्याकडं बघितलं. "देविदास, तुझ्या डोळ्यातून काहून पाणी येऊन राहिलं?"

म्हटलं, ड्रायर फार जवळ होता.