डब्यांवर वाढलेली

"आमच्या घरात दुकानातला डबा कधी शिरला नाही हो," होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या. "दोन मिनिटं गरम करायचं नि गिळायचं, ते काय जेवण? तसल्यावर वाढलेल्या मुली पुढं संसार काय करणार?"

माल-सुनने हात टेबलाखाली घेतले. कोरियातल्या देजॉन शहरात एका हॉटेलच्या बंद खोलीत दोन्ही घरची माणसं लग्न ठरवायला पहिल्यांदाच भेटत होती. माणसं चारच: विहीणबाई, त्यांचा मुलगा ग्यु-वॉन, माल-सुन आणि तिची एकुलती एक लेक दा-ही.

सोळा वर्षं माल-सुन तेच डबे भरत आली होती. शहराबाहेरच्या कारखान्यात, गारठलेल्या हॉलमध्ये, सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून. भातावर दोन अंड्याच्या वड्या, एक सॉसेज, चिमूटभर आंबवलेल्या कोबीची किमची. दुकानात त्याला साडेतीन हजार वॉन पडत; तिला ते परवडलं नसतं. पण झाकण वाकडं बसलेले डबे कामगारांना फुकट मिळत. नवरा गेल्यावर घरात स्वयंपाक असा झालाच नाही. छोटी दा-ही दारातच विचारायची, "आई, आज कुठला गं?" आणि झाकणाला चिकटलेली शितंसुद्धा चाटून खायची. पोरीला आपण उपाशी ठेवलं नाही, याचा माल-सुनला मनातून अभिमान होता.

"तुला आईच्या हातचं काय आवडायचं गं?" विहीणबाईंनी दा-हीला विचारलं.

"रानपाल्याचं सूप," दा-ही पटकन म्हणाली. "वसंतात आई स्वतः डोंगरावर जाऊन कोवळा पाला खुडून आणायची."

माल-सुनने मुलीकडे पाहिलं. मुलगी ताटाकडे पाहत होती.

"अगंबाई, मलाही फार आवडतं! तुम्ही कसं करता हो?"

"पाला... धुवायचा," माल-सुन अडखळली. "मग सोयाबीनच्या पाण्यात तासभर उकळायचा."

"तासभर?" विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "अहो, काळाठिक्कर पडेल तो! दोन उकळ्या पुरतात."

ग्यु-वॉन उगाच पाणी प्यायला.

"तुम्हाला सांगायचंच होतं," दा-ही म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "आईला हल्ली काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, ही सुरुवात आहे. कधीकधी तर माझं नावसुद्धा विसरते."

कालच माल-सुनने एका पाळीत हजारभर डबे भरले होते. एकातही चूक नव्हती.

"अरेरे!" विहीणबाई एकदम विरघळल्या. उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या. बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाल्या, "ताई, घाबरायचं नाही हं! आता आम्ही आहोत ना. मला सांगा बघू, लेकीचा वाढदिवस कधी असतो?"

सतरा नोव्हेंबर. पहाटे सव्वाचार. पायाळू होती, दोन दिवस अडली होती.

माल-सुनने दा-हीकडे पाहिलं. आता मात्र दा-ही तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती, दटावणी होती.

"मे..." माल-सुन म्हणाली. "का मार्च?"

"असू दे, असू दे." विहीणबाईंनी माशाचा एक तुकडा घेतला, काटे काढले आणि तो तिच्या ओठांपाशी धरला. "आ करा बघू."

माल-सुनने तोंड उघडलं.