माझ्या मिठाच्या खिडक्या

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. हातभर लांब, मनगटाएवढी जाड. आज जालन्याच्या एका कॉलेजात मोडक्या स्टुलांमागच्या कपाटात पडून आहे. पण १९८८ साली माझा रुबाब असा, की लेझरसुद्धा मला विचारल्याशिवाय पेटत नसे. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो भंगारात गेला, यात माझा काय दोष?

माझ्या दोन्ही तोंडांना मिठाच्या खिडक्या. होय, मिठाच्याच, घासून आरशासारख्या केलेल्या. त्या लेझरचा न दिसणारा उजेड साध्या काचेतून जात नाही, मिठातून जातो. माझ्या पोटात वायू भरायचा आणि लेझरचा एक ठोका सोडायचा. उजेड पिऊन रेणू थरथरू लागत. मग एकमेकांवर आपटता आपटता ती थरथर विरायची, तिची ऊब व्हायची, वायू किंचित फुगायचा आणि आत बसवलेला इवलासा माईक ते ऐकायचा. रेणूंना शांत व्हायला किती वेळ लागतो, ते माझ्यावर संशोधन करणारी बेबीनंदा मोजायची. पापणी लवायच्या आत सगळा खेळ आटोपलेला असे. मी मात्र एकेका रेणूला नावानिशी ओळखायचे.

बेबीनंदा वाटूरची. तिची पीएच.डी. माझ्या पोटावर उभी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर मोजमाप जमलं नाही, तर तिची सगळी वर्षं पाण्यात.

आणि खंडेनवमीला विभागप्रमुख काकासाहेब सर यंत्रांच्या पूजेला तांब्या घेऊन आले.

"सर, हिच्यावर पाणी नका शिंपडू," बेबीनंदा म्हणाली.

"तुमच्यात चालत न्हाई, ठाऊक हाय मला. पण आमचा वर्षाचा सण हाय, बाई."

"मी सणाचं न्हाई बोलून राह्यले, सर. हिच्या खिडक्या मिठाच्या हायेत."

"मिठाच्या? मंग घरी नेतो. आज वरण अळणीच झाल्तं."

सगळे हसले. तिने हात आडवा घालेपर्यंत पाणी माझ्या डोळ्यांत गेलं होतं.

मित्रांनो, मला राग पाण्याचा नाही. ती भौतिकशास्त्र बोलत होती आणि सरांना त्यात तिची जात ऐकू आली. भौतिकशास्त्राच्याच विभागात. याचा संताप अजून माझ्या काचेत आहे.

खिडक्या दुधासारख्या झाल्या. पूजेनंतर प्रयोगशाळेला सणाचं कुलूप लागलं, ते परीक्षक आले तेव्हाच उघडलं. परीक्षकांसमोर ठोका सोडला, तर माईक मुका.

"पोरगी हुशार हाय, पण जरा निष्काळजी," सर परीक्षकांच्या कानाशी म्हणाले. मी फुटायचीच राहिले होते.

बेबीनंदाने संध्याकाळपर्यंतची वेळ मागितली. खिडक्या उतरवल्या, रेशमी फडक्यावर स्पिरिट घेऊन घासत बसली. एकीच्या कोपऱ्याचा टवकाही उडाला. पुन्हा बसवल्या, माझ्या पोटातली दमट हवा पंपाने ओढून काढली. वाफेचा अंश जरी राहिला तरी रेणू भलतेच लवकर शांत होतात आणि आकडा खोटा येतो. कोरडा वायू भरला, ठोका सोडला. माईक बोलला. आकडा तिच्या प्रबंधातल्या आकड्याशी बरोबर जुळला.

"जमलं," परीक्षक म्हणाले.

"पूजा फळली म्हणायची," काकासाहेब सर म्हणाले.

टेबलावरचा तो मिठाचा टवका उचलून बेबीनंदाने सरांच्या तळहातावर ठेवला. "प्रसाद हाय, सर. घ्या."

सवयीने सरांनी तोंडात टाकला. तोंड जागच्या जागी थांबलं.

"खारट हाय," ते म्हणाले.

"हो, सर."

चुकलं, असं सर तेव्हाही म्हणाले नाहीत आणि निवृत्त होईपर्यंतही नाही. आता माझ्या कपाटावर दर खंडेनवमीला कुणीतरी पाणी शिंपडून जातं. धूळ पुसायला मात्र वर्षभर कुणी फिरकत नाही.

मित्रांनो, यंत्राची पूजा करायची तर कोरड्या फडक्याने करा. आणि कुणी "पाणी नको" म्हणालं, तर तिचं आडनाव आठवू नका. तांब्या खाली ठेवा आणि का, ते विचारा.