प्लेग झालेला माणूस पाहिजे

त्याला सगळे शब्दोबा म्हणायचे आणि तो ते कौतुकच समजायचा. छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्यांत बसून तो शब्दकोश करत होता. करत होता म्हणजे करतच होता. काम हातात घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. आता शब्द 'प'पर्यंत आले होते आणि केस कानांपर्यंत मागे हटले होते.

उशिराचं कारण म्हणजे त्याचा एक नियम. रोगाचं नाव आलं, की तो रोग झालेल्या माणसाला भेटल्याशिवाय गडी अर्थ लिहायचा नाही. डॉक्टर काय, रोगाकडे बाहेरून बघतात, असं त्याचं म्हणणं. गालगुंडासाठी तो शेजारच्या वकिलांकडे गेला. वकिलांना आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडता येत नव्हतं आणि नेमका तेव्हाच हा प्रश्न विचारायला हजर! पुढे 'म'मध्ये मूळव्याध येणार म्हणून ओळखीची माणसं आत्तापासूनच याला बघून रस्ता बदलायला लागली होती.

पण गाडी अडली ती 'प्लेग'वर. कोशमंडळाच्या डॉक्टरांनी वाक्य पाठवलं होतं: 'उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसास होणारा, काखेत वा जांघेत गाठी आणि तीव्र ताप आणणारा साथीचा रोग.' शब्दोबाने ते वाचून नाक मुरडलं.

"यात उंदीर आहे, पिसू आहे. माणूस कुठाय?" तो म्हणाला.

आता प्लेग झालेला माणूस आणायचा कुठून? त्याने दवाखाने पालथे घातले, म्हातारे डॉक्टर गाठले, वर्तमानपत्रात जाहिरात देतो म्हणाला तेव्हा बायकोने हात जोडले. छापखान्याचे मालक रोज जिना चढून वर यायचे. त्या दिवशीही आले.

"काय, प्लेग संपला का?"

"अजून मिळालाच नाही."

"नशीब समजा की अहो! हे बघा, उद्या सकाळी पानं मशीनवर चढणार. तोवर दिलंत तर तुमचं, नाहीतर डॉक्टरांचं आहे तसं छापतो. मी आता थांबणार नाही."

दुसऱ्या, बोलण्यातल्या अर्थाची मात्र चंगळ होती. जाहिरातींचा प्लेग, भाषणांचा प्लेग. त्याच दिवशी सकाळी बायको वैतागून म्हणाली, "तुमच्या या कार्डांचा घरात नुसता प्लेग झालाय," तर याने चटकन तेही कार्डावर टिपून घेतलं. त्या कार्डासकट त्याला घराबाहेर काढावं असं तिला वाटलं, पण तिला त्या दिवशी त्याच्याकडून दुसरं काम करून घ्यायचं होतं.

"कार्डं गेली खड्ड्यात. आत्यांना घेऊन या," ती म्हणाली. "पायाला प्लॅस्टर, चार जिने आणि घरात दुसरं माणूस नाही. परत पडल्या तर हाक कुणाला मारतील? मी तीनदा सांगून आले. मला उडवून लावतात. तुम्ही सख्खे भाचे, तुमचं तरी ऐकतील."

आत्या म्हणजे शब्दोबाच्या वडिलांची मोठी बहीण. उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही आणि कुणाच्या घरी कधी मुक्काम केला नाही. भाऊ गेला तेव्हासुद्धा सकाळी आली आणि संध्याकाळी आपल्या खोलीवर परतली. तिच्या पिशवीत निळ्या काठाचा एनॅमलचा एक पेला असायचा. कुठेही गेली तरी चहा, पाणी, सगळं त्या पेल्यातून. घरातल्या पोरांनी त्याला महाराणींचा पेला असं नाव ठेवलं होतं. नवीन सून आली, की तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवायचे, बाई गं, काहीही कर, पण त्या पेल्याला हात लावू नकोस.

शब्दोबा चार जिने चढून गेला तेव्हा धापा टाकत होता. आत्या खिडकीपाशी पलंगावर बसली होती. प्लॅस्टरचा पाय स्टुलावर होता आणि हातात तो पेला होता.

"ये शब्दोबा, टेक. चहा किटलीत आहे, तुझा तू ओत. कप फडताळात."

त्याने चहा ओतला आणि खुर्ची ओढून अगदी तिच्या गुडघ्याशी येऊन बसला. तिला कमी ऐकू यायला लागलंय असा त्याचा समज होता.

"ओरडू नकोस," तो काही बोलायच्या आतच ती म्हणाली. "पाय मोडलाय, कान शाबूत आहेत. बायकोने पाठवलं ना? सांग तिला, मी कुणाकडे राहत नाही."

"अगं पण का?"

"का म्हणजे? सवय नाही."

झालं. शब्दोबाने एवढ्यावरच हात टेकले. बायकोचं काम केलं असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो आपल्या दुखण्याकडे वळला. माणूस मिळत नाही, मालक ऐकत नाही, उद्या सकाळी सगळं मशीनवर चढणार, आणि इतक्या वर्षांचा नियम एका फडतूस उंदरापायी मोडणार! आत्या ऐकून घेत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"मला विचार की," ती म्हणाली. "मला झाला होता."

"काय?"

"प्लेग. पोर होते तेव्हा."

खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. शब्दोबाने खिशातून पेन काढलं, कोरं कार्ड काढलं आणि चष्मा पुसला. सख्खी आत्या! आणि हा गावभर हिंडत होता!

"घरात कुणी बोललं कसं नाही?"

"तो शब्दच काढायचा नाही असं होतं. 'ते' म्हणायचे. 'ते झालं होतं तेव्हा.' तू एवढे शब्द गोळा केलेस, घरातला हा तेवढा तुला कुणी दिला नाही."

"ताप कसा होता? गाठ कुठे? दुखायची कशी?"

"गाठ काखेत होती. दुखायची, पण दुखण्याचं माणूस विसरतं रे. इंजेक्शनं दिली, बरी झाले. लक्षात राहिलाय तो दरवाजा. हॉस्पिटलात मला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. आई दारात उभी राहायची. आत यायची तिला बंदी होती, हे मला आता कळतं. तेव्हा वाटायचं, हिला यायचंच नाहीये. तुझा बाप मात्र रोज मागच्या खिडकीशी यायचा. विटा रचून वर चढायचा आणि ओरडायचा, 'काय गं, मेली नाहीस अजून?' मी आतून ओरडायची, 'अजून नाही!' मग तो खूश होऊन घरी जायचा. त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी नीट बोललेला माणूस तेवढाच."

शब्दोबा भराभर लिहीत होता.

"घरी आले तर माझा पेला वेगळ्या खिळ्याला टांगलेला. आईने काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही. एकदा तुझा बाप मुद्दाम त्यातनं पाणी प्यायला. आईने त्याला असा बडवला, असा बडवला, की मलाच रडू फुटलं. तेव्हापासून हा पेला मी कुणाच्या हाती दिला नाही. पोराला माझ्यापायी मार नको."

"अगं पण आत्या, ते जंतू तर तेव्हाच..."

"मला शिकवतोस? वर्गात जंतूंची चित्रं काढण्यात हयात गेली माझी. जंतू गेले, ठाऊक आहे मला. लोकांचं काय? शाळेत एका बाईंना मी विश्वासाने सांगितलं. चांगली मैत्रीण होती. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत तिने तिचा डबा जरासा पलीकडे सरकवला. तिचं तिलाही कळलं नसेल. मला कळलं. म्हणून मी कुणाच्या घरी राहत नाही. राहिलं की बोलणं निघतं, आणि निघालं की बघावं लागतं."

"आता इतक्या वर्षांनी कोण असं करतंय?" शब्दोबा कळवळून म्हणाला.

आत्याने प्लॅस्टरच्या पायानेच खालच्या फरशीकडे खूण केली.

"बघ बरं, कुठे बसलायस ते."

त्याने खाली बघितलं. खुर्ची तिच्या गुडघ्याशी होती, ती आता टेबलाला जाऊन टेकली होती. मध्ये एक माणूस आरामात झोपला असता.

"मी... पेन काढायला..."

"हो हो, पेन काढायला," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. "लिही की. इतके दिवस हिंडत होतास ना? हाच तो. लिही, माणसाला नकळत खुर्ची मागे सरकवायला लावणारा."

शब्दोबाच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुखण्यांची उदाहरणं गोळा करणारा हा पंडित, आज स्वतःच उदाहरण होऊन बसला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. कोशातले सगळे शब्द, अगदी 'अ'पासूनचे, ऐन वेळी दगा देऊन गेले.

तो उठला. खुर्ची पुढे ओढण्याच्या भानगडीत न पडता सरळ पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिच्या हातातला पेला काढून घेतला.

"ए! ठेव तो! ठेव म्हणते ना!"

हा आवाज ऐकून पूर्वी सबंध वर्ग जागच्या जागी गप्प होत असे. शब्दोबाही मनातून टरकला. पण त्याने पेला तोंडाला लावला. चहा गार ढोण झालेला, बिनसाखरेचा आणि असा कडू, की डोळ्यांत पाणी आलं. निदान त्याने तरी ते चहामुळेच आलं असं दाखवलं. शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन त्याने पेला खिडकीत ठेवला.

आत्याचा हात अजून पुढेच होता, पेला परत घ्यायला. तो हळूहळू खाली मांडीवर आला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नाटकी कुठला, बापावर गेलाय, असं काहीसं ती पुटपुटली.

तेवढ्यात शब्दोबाचा फोन वाजला. छापखान्याचे मालक.

"मिळाला का प्लेग?"

"मिळाला. डॉक्टरांचं वाक्य आहे तसं घ्या. फक्त दुसऱ्या अर्थाला ती कार्डांची, जाहिरातींची उदाहरणं लावलीत ना, ती काढा. तिथे एक ओळ मोकळी ठेवा, सकाळी देतो."

फोन ठेवून तो वळला, तर आत्या त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती.

"काय रे," ती म्हणाली, "मेला नाहीस अजून?"

"अजून नाही," शब्दोबा म्हणाला.

"मग ऊठ. कपाटावरची बॅग काढ. दोन लुगडी नि औषधं भर, आणि खाली टॅक्सीवाल्याला हाक मार. मला उतरवायला तुझ्या एकट्याच्याने व्हायचं नाही. चढतानाच अर्धा झालायस."

त्याने बॅग काढली, लुगडी कोंबली, औषधं भरली. ओल्या फडक्याने पेला पुसून तोही वर ठेवायला गेला, तर आत्याने त्याचं मनगट धरलं.

"तो राहू दे इथेच," ती म्हणाली. "तुमच्याकडे कप असतील ना?"

"आहेत. पण दोनतीन कपांचे कान तुटलेत."

"चालतील," आत्या म्हणाली आणि उठायला म्हणून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.