रोट संपेपर्यंत

श्रद्धेसमोर कायदासुद्धा चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहतो. जळगावातल्या त्या दोन खोल्यांबाहेर तो मंगळवारपासून उभा होता, आणि आत धुरपदाबाई अडकित्त्याने रोटाचा सुपारीएवढा तुकडा कातरून त्याला आणखी एक दिवस थांबवत होत्या.

"हा तुना," त्यांनी तुकडा जितेंद्रच्या तळहातावर ठेवला.

"आई, यानं दाताची फटसुद्धा भरत नाही."

"फट भरशी तं डबा सरी जाई."

जितेंद्रने तुकडा तोंडात टाकला आणि तो चटईच्या कारखान्यात निघाला. दुपारपर्यंत पुरेल इतका तो कडक होता.

रविवारी घरात कानबाई बसली आणि सोमवारी तिचं विसर्जन झालं. देवी गेली, पण नैवेद्याचे कणकेचे जाड रोट मागे राहिले. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, तोंडातला घास सोडून उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ते संपेपर्यंत बिऱ्हाड हलवायचं नाही, हे चौथं कलम धुरपदाबाईंनी सोमवारी संध्याकाळी जोडलं.

घरमालक पितांबरनानांना खोल्या मंगळवारी रिकाम्या हव्या होत्या. तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलींसाठी आठ कॉट टाकायचे होते. एका कुटुंबापेक्षा आठ कॉटचं भाडं तिप्पट येतं. "कानबाई होऊ द्या, मग निघा," असं नाना स्वतःच मोठ्या मनाने म्हणाले होते. मन त्यांचं पहिल्यापासूनच मोठं. दोन वर्षांपूर्वी खोल्या देताना त्यांनी जितेंद्रचं गाव आणि कूळ विचारलं होतं आणि "अरे, मग आपण भाऊबंदच की!" म्हणून पाठीवर थाप मारली होती. डिपॉझिट मात्र परक्याइतकंच घेतलं होतं.

जितेंद्रने महिनाभर शहर पालथं घातलं. पगारात बसणारी एकच खोली मिळाली, तीही असोद्याला, आणि तिथला भाडेकरू पौर्णिमेला, म्हणजे पुढच्या सोमवारी, निघणार होता. मधल्या दिवसांसाठी छप्पर नव्हतं. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात. त्या रविवारी धुरपदाबाईंनी सुरतेला गेलेल्या, चार वर्षांत न फिरकलेल्या दुसऱ्या मुलाचा, कुंदनचाही वाटा धरला. मग वारलेल्या नवऱ्याचा धरला, तेव्हा सुनेने, नूतनने, एकदा मान वर करून पाहिलं आणि परातीत आणखी पाणी घातलं.

मंगळवारी नाना आले, त्यांनी डब्याला हात जोडले आणि परत गेले. बुधवारी त्यांचा फोन आला. गुरुवारी ते पुन्हा दारात उभे राहिले.

"वहिनी, किती राहिले?"

"चार शेतस. पौर्णिमालोंग सरतीन."

नाना चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून पाटावर बसले.

"आमच्याकडे यंदा कानबाई बसलीच नाही," ते म्हणाले. "मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा कुठे? रोटाचा घाससुद्धा मिळाला नाही. चुटपुट लागून राहिली. सूनबाई, दूध आहे का थोडं?"

नूतनने सासूकडे पाहिलं. धुरपदाबाईंचा हात डब्याच्या झाकणावर होता.

"नाना, तुम्हले शुगर शे ना?"

"गोळी घेऊनच आलोय."

भाऊबंदाला रोट नाकारता येत नाही. धुरपदाबाईंनी झाकण काढलं.

पहिला रोट नानांनी दुधात कुस्करून खाल्ला. दुसऱ्याला गूळ मागितला. तिसरा ते डोळे मिटून चावत राहिले. दुसरीत शिकणारी नात ऋतिका अभ्यासाची वही मिटून समोर येऊन बसली.

"नाना, तुम्ही आमच्या घरातले आहात?"

"हो तर!"

"मग तुम्ही पण आमच्याबरोबर घर शोधणार?"

नाना हसले, त्यांना ठसका लागला. नूतनने पाणी दिलं. चौथ्या रोटाच्या वेळी त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. कपाळावर घाम होता. शेवटचा तुकडा दाताने तुटेना, तेव्हा धुरपदाबाईंनी अडकित्ता उचलला, तो कातरून बारीक केला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मग डबा उलटा करून ठोकला. चिमूटभर चुरा पडला, तो त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

"गोड झाले होते, वहिनी," नाना उठताना म्हणाले. "फार दिवसांनी घरचं खाल्लं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेम्पो कॉट घेऊन आला. आठही कॉट आत गेल्यावर नानांनी त्याच टेम्पोत जितेंद्रचं सामान चढवायला लावलं. टेम्पो रिकामाच परत जाणार, म्हणून भाडं त्यांनी स्वतः घासाघीस करून निम्म्यावर आणलं. शेवटी भाऊबंद. नूतन आणि ऋतिका मागे गाद्यांवर बसल्या. धुरपदाबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या.

"कोठे लेवाना?" ड्रायव्हरने विचारलं.

"असोदा," जितेंद्र म्हणाला. मग पुढे जोडलं, "सोमवारी."

ड्रायव्हरने खिशातून मोबाइल काढून पाहिला.

"भाऊ, आज शुक्रवार शे."