न झाडलेलं मैदान

"वापर आढळला नाही," गोविंदरावांनी ओळीखालून बोट फिरवत वाचलं. "मुलं, बायका, म्हातारे, कोणाचाच नाही. सबब आराखड्यातून वगळावे."

"कुठलं मैदान, भाऊ?" जिवलीने दारातूनच विचारलं.

"तुझंच, जिवली. तलावामागचं."

डहाणूतल्या बागा आणि मैदानांचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार होत होता, २०१८ पासून थेट २०३८ पर्यंत. त्यात जे मैदान बसेल ते टिकणार होतं. जे गळेल तिथे गाड्या उभ्या राहणार होत्या. पालिकेच्या उद्यान खात्यात कारकुनी करून गोविंदरावांचे केस पांढरे झाले होते, पण असा जाडजूड कागद त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता.

"कोण येत नाय कसं?" जिवली म्हणाली. "हॉस्टेलच्या पोरी रोज खो-खो खेळतात. चिकूच्या वाडीतून सुटलेल्या बाया बसतात. काळ्याबाबा काठी टेकत चार फेऱ्या मारतो."

"मोजायला माणसं सकाळी अकराला आली होती. मैदान रिकामं. साधी चिकूची बी पडलेली नव्हती म्हणे."

बी पडलेली असेल कशी? पालिकेची झाडूवाली म्हणून जिवली एकोणीस वर्षं उजाडता उजाडता खराटा हातात घेत होती आणि सातच्या आत मैदान सारवलेल्या अंगणासारखं करून ठेवत होती. त्या सफाईचा तिला भारी अभिमान. आणि नेमक्या त्याच सफाईने तिचा घात केला होता. रोज संध्याकाळी तिथे कोण आलं, काय खेळलं, हे सांगणारी प्रत्येक खूण तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती.

"परत कोणी बघायला येनार काय?"

"गुरुवारी. रिया मॅडम येतायत, आराखडा त्यांनीच केलाय. हरकती ऐकून शेवटचं ठरवणार."

मंगळवारी तिने झाडलं नाही. बुधवारी तर हात नुसते शिवशिवत होते. खराटा घरी आढ्याला खोचून ठेवला, तरी नजर तिकडेच जाई. एकोणीस वर्षांत तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यातच काळ्याबाबा दारात येऊन उभा राहिला.

"जिवले, ताप आलाय काय गं? मैदान तसंच पडलंय."

त्याला कसंबसं वाटेला लावलं, तर गुरुवारी सकाळी वेगळाच घोळ. जिवली मैदानावर पोचली तेव्हा हॉस्टेलमधली बारकी नावाची पोरगी झाडू घेऊन एका कोपऱ्यातून सुरुवात करत होती.

"मावशी, तू आजारी ना? मंग आम्ही झाडतो."

"हात लावू नको गं बाय," म्हणत जिवली अशी धावली, की पन्नाशीच्या बाईला शोभू नये. तिने बारकीच्या हातातला झाडू ओढूनच घेतला.

अकरा वाजता रिया मॅडम आल्या, मागोमाग फाईल सांभाळत गोविंदराव. मैदान नेहमीसारखंच रिकामं होतं.

"मावशी, आत्ताही कोणीच नाही," रिया हळू आवाजात म्हणाली. तिलाही ते बरं वाटत नव्हतं.

"मॅडम, खाली बघा ना. आधी चप्पल काढा."

रेताड मातीने तीन संध्याकाळची पावलं जशीच्या तशी धरून ठेवली होती. जिवली वाकून दाखवत चालली. ही नागमोडी पळापळ खो-खोची, आणि हे खोल टाच रुतलेलं बारकीचं, ती वळताना जोर देते. इथे बायांची बैठक, या चिकूच्या बिया, हे सागरगोटे खेळल्याचं. ही काठीची भोकं काळ्याबाबाची, पूर्वी सहा फेऱ्या असायच्या, आता चारच. रिया अर्धा तास अनवाणी तिच्यामागे फिरली आणि लिहीत राहिली. फाईलमधली 'वापर आढळला नाही' ही ओळ तिने तिथेच उभ्या उभ्या खोडली.

"हे सगळं तेव्हा का नाही दिसलं?"

"मी झाडलेलं ना, मॅडम."

रियाने वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "पुढच्या वीस वर्षांत इथे काय हवं, मावशी?"

"मोकळं राहू द्या. नि कडेला एक नळ. पोरी तहानलेल्या जातात."

महिन्याभराने सभेत आराखडा मंजूर झाला. गोविंदराव नकाशा घेऊन स्वतः मैदानावर आले, तेही सकाळी सहाला, जे त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. तलावामागे हिरवा रंग भरला होता. खाली छापलं होतं, 'खेळाचे खुले मैदान, कायम. पाण्याचा नळ.'

"जिंकलीस गं," ते म्हणाले, आणि त्यांनी नकाशा तिच्यापुढे धरला.

जिवलीने त्या हिरव्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. २०३८ ला आपण असू की नसू, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण पोरी असतील, त्यांना तहान लागेल आणि नळ असेल. एवढ्याने तिचं मन भरलं. तिने पदर खोचला आणि खराटा उचलला.

मधोमध कोणीतरी लंगडीची घरं आखली होती. चौथ्या घरात ठिकरी तशीच पडली होती, डाव अर्धा टाकून पोरी घरी गेल्या होत्या. जिवलीने सगळं मैदान लख्ख झाडलं, फक्त त्या घरांपाशी खराटा वळसा घालून पुढे गेला.