एका फोटोपुरती जागा

सकाळी दहाला घरापुढचं दुकान उघडून भरतकामाच्या मशीनमधलं मेमरी कार्ड ओढलं, तर त्याच्या दोन पाकळ्या झाल्या. वरचं प्लास्टिक सूनबाईच्या बोटांत राहिलं आणि आतली पातळ पट्टी टेबलाखाली उडाली. सापडली तेव्हा ती मधोमध मोडली होती. नक्षी संगणकात होती, पण ती मशीनपर्यंत नेणारं कार्ड हेच एक.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासूबाई दिवसातून चाळीसदा तशी हाक मारत, म्हणून गल्लीनेही तेच उचललं आणि पाटी रंगवताना तिनेही वाद घातला नाही.

आजवर तिने टॉवेलांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर अक्षरं भरली होती. क्लबाचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. पोहण्याच्या संघाची बारा जॅकेटं, प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. पाच वाजता प्रशिक्षकबाई न्यायला येणार, साडेपाचला स्पर्धेची बस सुटणार. काम वेळेत झालं, तर क्लबाचे आणखी चार संघ तिचेच.

एका बिल्ल्याला चौदा मिनिटं, मग कापड ताणणारी फ्रेम सोडवून घडी घालायला आणि पुढचं लावायला तीन. बारा गुणिले सतरा, दोनशे चार. पाचातून मागे मोजलं, तर एक वाजून छत्तीस मिनिटांनी पहिला टाका पडायलाच हवा. तिने तो आकडा खडूने टेबलावर लिहिला आणि कार्ड आणायला निघाली.

"दोन जीबी?" संगणकाच्या दुकानदाराने चष्मा कपाळावर सारला. "ताई, दोन जीबीत आता एक लग्नपत्रिका मावत नाही. हे चौसष्टचं घ्या."

"माझं मशीन फार जुनं आहे. त्याला नाही वाचता येणार."

"खाच तीच, कार्ड तेवढंच. न वाचायला काय झालं?"

तिने नेऊन घालून पाहिलं. मशीनने पडद्यावर फुली दाखवली. परत जाऊन बत्तीसचं आणलं. पुन्हा फुली. दुकानदाराच्या खणात त्याहून लहान काही नव्हतं. चाचणीपुरतं न्या म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत, हे त्याचं मोठेपण.

"अगं, संगणकावर ते कार्डच छोटं करून टाक ना," नवरा फोनवर म्हणाला.

"अहो, तसं होत नाही. दोनपर्यंतच्या कार्डात जागा एका पद्धतीने मोजतात, वरच्यांत दुसऱ्या. मशीनला पहिलीच पद्धत शिकवलीय. वरून कितीही कापलं तरी त्याला आतला पत्ताच कळणार नाही."

"मग आईचा डबा बघ," तो म्हणाला आणि घाईघाईने पुढे जोडलं, "मी सांगितलं असं म्हणू नकोस."

आईंचा बटणांचा डबा. कॅमेऱ्यात पूर्वी रीळ भरत तसंच त्या कार्ड भरत. एक भरलं की डब्यात आणि कॅमेऱ्यात नवं. कार्ड पुसून पुन्हा वापरतात, हे त्यांना कधी पटलंच नव्हतं. कडेचं कुलपाचं बटण खाली ओढायचं आणि त्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा थेंब ठेवायचा, म्हणजे कोणाचा हात चळायला नको. डब्यात अशी नऊ कार्डं होती. आठ मोठी, आणि पहिल्या सहलीचं एकच एक जीबीचं.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"घे," सासूबाई म्हणाल्या. सूनबाईला वाटलं, सुटले. "पण एकही फोटो पुसायचा नाही."

तिने सुईने लाल थेंब खरवडला आणि कार्ड संगणकात घातलं. चारशे बारा फोटो. उरलेली जागा सोळा केबी. बिल्ल्याची नक्षी त्र्याण्णव केबी.

"आई, एक तरी पुसावा लागेल. आधी सगळे संगणकात उतरवून घेते."

"ती झाली नक्कल! तुझ्या नवऱ्यानेही उतरवले होते. संगणक गेला, त्याच्याबरोबर तेही गेले." त्यांनी स्टूल ओढलं. "एकच ना? मी दाखवीन तोच."

फोटो सरकू लागले.

"हा धुरकट?"

"धुरकट नाही तो. धुकं होतं."

"ही नुसती भिंत?"

"भिंतीमागे तुझे सासरे होते. रुसले होते."

सव्वा वाजला. मधेच दाराची बेल वाजली आणि सासूबाई उठून गेल्या. सूनबाईचं बोट कळीवर होतं. चारशे बारांतला एक गेला, तर कळणार कोणाला? बोट तिथेच राहिलं आणि मग तिने ते मांडीखाली दाबून धरलं.

सासूबाई परतल्या. बऱ्याच फोटोंनंतर एक आला आणि त्या झटकन म्हणाल्या, "हा उडव. घाण आलेय मी."

फोटोत त्या होत्या. केस वाऱ्याने तोंडावर, हातात अर्धं कणीस, आणि कशाला तरी इतक्या हसत होत्या की डोळे मिटले होते. सूनबाईने मागचे पुढचे सगळे फोटो भराभर चाळले. सासरे, मुलं, डोंगर, पुन्हा सासरे. कॅमेरा कायम सासूबाईंच्याच हातात, त्यामुळे चारशे बारांत त्या या एकातच होत्या.

घड्याळात एक पस्तीस.

"हा नाही," सूनबाई म्हणाली.

"अगं, मी सांगतेय ना! उशीर होतोय तुला."

"होऊ दे. तुम्ही दुसरा सांगा."

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि त्या पडद्याकडे जरा सरकल्या. पुढे दोन फोटो आले, दोन्ही एकाच चाकाचे.

"हे दोन्ही सारखेच आहेत, आई."

"सारखे कसे? हा हवा भरायच्या आधीचा, हा नंतरचा." त्या थांबल्या. "आधीचा उडव. पंक्चर कशाला जपायचं?"

पहिला टाका पावणेदोनला पडला. सासूबाईंनी न विचारता कात्री घेतली आणि मागचे सुटे धागे कापायला बसल्या. जेवण दोघींनीही उभ्या उभ्याच उरकलं. पाचला प्रशिक्षकबाई आल्या, तेव्हा अकरा जॅकेटं घडी होऊन तयार होती आणि बारावं मशीनवर चढून आठ मिनिटं झाली होती.

"आणखी नऊ मिनिटं," सूनबाई म्हणाली. "नक्की नऊच."

"नऊ चालतील." प्रशिक्षकबाई एका बिल्ल्यावरून अंगठा फिरवत होत्या. "हे मागून पण स्वच्छ आहे! पुढच्या आठवड्यात बाकीच्या संघांची मापं पाठवते."

पाच वाजून नऊ मिनिटांनी त्या बारा जॅकेटं घेऊन पळाल्या. कार्डावरची नक्षी आता कामाला नव्हती. सूनबाईने ती पुसली आणि कार्ड सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते तिथल्या तिथे जुन्या कॅमेऱ्यात घातलं. कोपऱ्यात उरलेल्या फोटोंचा आकडा आला. एक.

"उभी राहा मशीनपाशी," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने कॅमेरा त्यांच्या हातून काढून घेतला. "तुम्ही राहा."

"माझा कशाला? असल्या अवतारात?" पण त्या मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्याच होत्या. पदरावर दोऱ्याचे तुकडे, कात्री अजून बोटांत. "दोनदा दाब बाई. पहिला नेहमी हलतो."

"दोनदा नाही, आई. जागा एकाचीच आहे."

"मग हात स्थिर धर," सासूबाई ओरडल्या, "आणि आधी मला हसू दे!"