तिसऱ्या थर्मामीटरचे ऐंशी

२००५ च्या हंगामात मालक शेठजींनी बोलावलेल्या इंजिनिअर प्रेरणा मॅडमने आठ कॉम्प्युटर वायरींनी जोडून ऑफिसची मागची खोली बळकावली, तेव्हाच मला शंका आली. हिंगणघाटच्या आमच्या जिनिंगमध्ये ओला कापूस वाळवणारा ड्रायर मी एकवीस वर्षं चालवत होतो. ही बाई माझ्या पोटावर पाय द्यायला आली, दुसरं काय!

"एका कॉम्प्युटरले हा हिशोब नऊ दिवस लागते, काका," ती म्हणाली. "हे आठ जण काम वाटून घेतात, दीड दिवसात होते. ड्रायरमध्ये गरम हवा कुठं कशी फिरते, सारं पडद्यावर दिसते."

जल्दी का काम शैतान का, मी मनात म्हणालो. तिने तापमानाचं रजिस्टर मागितलं, तेही मुकाट्याने दिलं. पण येता-जाता त्या खोलीत डोकावायचं काही सोडलं नाही.

दीड दिवसाने उत्तर आलं आणि शेठजी हरखले. ड्रायरच्या शेवटच्या टोकाला अजून वाव आहे, तिथे वीस डिग्री वाढवा, कापूस लवकर वाळेल. उद्या सकाळपासून सुरू.

पण त्या टोकाचा तिसरा थर्मामीटर आठ वर्षांपूर्वीच फुटला होता. रकाना रिकामा दिसला की शेठजी भडकायचे, म्हणून तिथे आम्ही रोज ऐंशी लिहायचो. आधीच्या पाळीने लिहिलं तेच पुढच्या पाळीने. आणि त्याच टोकाला माझा धाकटा भाऊ चंद्रभान कापूस ओढायला उभा असायचा.

सांगितलं तर नोकरी जाणार होती. सकाळी ड्रायर पेटवायच्या आधी मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"पोरी, ते ऐंशी खोटे हायेत."

"मग खरे किती?"

"मले नाई मालूम."

तिने पहिला थर्मामीटर काढून तिसऱ्या जागी लावला आणि ड्रायर नेहमीच्या आचेवर चालवून पाहिला. एकशे अडतीस! तिने लगेच तो बंद करवला, आकडा बदलून हिशोब पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी रात्री पडद्यावर ते टोक लालभडक दिसलं. मान वर करायचीही मला लाज वाटली.

"वाढवायचं सोडा," ती म्हणाली. "इथं आजवर आग काऊन नाई लागली, हेच नवल हाय. कोण उभं राह्यते इथं?"

"चंद्रभान, माया भाऊ," मी म्हणालो. "हलकं काम हाय म्हणून मीच लावलं त्याले तिथं."